दलालाच्या तोंडचा भाव

घर विकायचे म्हटले की दलाल येतो. धन्याला म्हणतो, "गिऱ्हाईक ४ लाखच देते. आज हो म्हणा, नाहीतर हातचे जाईल." गिऱ्हाइकाला सांगतो, "धनी ५ लाखांखाली येत नाही." दोघांची गाठ पडू देत नाही. मधले १ लाख त्याच्या खिशात! वर दोन्हीकडची दलाली निराळीच.

सगळे दलाल असे नसतात. तरी आम्ही सांगतो, भाव समोरासमोर ठरवा. दलाली किती, ते आधी लिहून घ्या. इसाराची पावती घ्या. पैसे दलालाच्या हाती नको, थेट धन्याला द्या.

१०० रुपये किंवा जास्त किमतीच्या घराचे खरेदीखत नोंदवावेच लागते. १९०८ चा नोंदणी कायदा तसा आहे. कचेरीत सही करण्याआधी खतातला आकडा स्वतः वाचा. आता वाचता येते. मग दुसऱ्याच्या तोंडावर का विसंबायचे?