‘तोंडाची चव गेली’ म्हणजे नेमके काय?

मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पहिली वासाची. केसपेपरवर तिच्यापुढे अनेकदा ‘नॉर्मल’ लिहिलेले असते, पण रुग्णाच्या नाकाजवळ कुणी काही नेलेले नसते. ओपीडीतली गर्दी पाहता हे समजू शकते. योग्य मात्र नाही.

रुग्णही ‘वास येत नाही’ असे क्वचितच सांगतो. ‘तोंडाची चव गेली’ म्हणतो. खारट, गोड, आंबट, कडू त्याच्या जिभेला कळत असते. हरवलेला असतो फोडणीचा, कोथिंबिरीचा, आंब्याचा वास.

तपासणीला यंत्र लागत नाही. कॉफी, लवंग, हिंग, साबण अशा ओळखीच्या वस्तू छोट्या बाटल्यांत ठेवायच्या. रुग्णाने डोळे मिटून, एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीने हुंगायचे. मग दुसरी बाजू. दोन्ही एकदम तपासल्या तर चांगली बाजू बिघडलेलीला झाकून घेते. मेंदूच्या पुढच्या भागाखाली वाढणारी गाठ कधी कधी एकाच बाजूचा वास घालवते, ती अशी निसटू शकते. अमोनिया मात्र वापरू नये. त्याची झणझण चेहऱ्याला संवेदना देणारा पाचवा मज्जातंतू टिपतो, त्यामुळे वास पूर्ण गेलेल्यालाही ती जाणवते. (अमोनियानेही ‘काहीच कळत नाही’ म्हणणाऱ्याबद्दल डॉक्टरांना वेगळीच शंका येते!)

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील रिचर्ड डोटी यांनी १९८४ साली ४० वासांची चाचणी प्रसिद्ध केली. कागद खरवडायचा, हुंगायचा आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. चाचणी उत्तम, पण त्यातले ‘रूट बिअर’ इचलकरंजीच्या आजींनी कसे ओळखावे? त्यांना हिंगच द्यायला हवा.

पार्किन्सन्समध्ये हाताचा कंप दिसण्याच्या काही वर्षे आधीच वास मंदावलेला असू शकतो. अर्थात वास कमी झाला म्हणून पार्किन्सन्स झाला, असे मुळीच नाही. सर्दी, सायनसचा जुना त्रास, वाढते वय ही कारणे कितीतरी अधिक. डोक्याला मार लागल्यावरही वास जाऊ शकतो.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. वास गेलेल्याला तो इशाराच मिळत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी गॅसगळतीचा अलार्म बसवावा, शिळे अन्न शेजाऱ्यांकडून हुंगून घ्यावे. विषाणूसंसर्गानंतर वास गेला असेल तर गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग रोज दोन वेळा, निदान तीन महिने लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव काहींना उपयोगी पडतो.