विहाराचा मोगरा घरच्या डब्यात

चौदा एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा, दोन्ही मोगऱ्याच्या ऐन बहरात येतात. तरी आपण त्याच दिवसांत लग्नसराईच्या भावाने गजरे विकत घेतो. वसई-पालघरकडचा मोगरा दादरच्या फूलबाजारातून वस्तीत येईपर्यंत निम्मा कोमेजलेला असतो.

मोगऱ्याला बाग लागत नाही. पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा पुरे. बुडाला भोके पाडावीत. माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरावी. पाच-सहा तास ऊन मात्र हवेच. गॅलरीत ऊन येत नसेल तर नाद सोडावा, नुसता पाला वाढेल. (चित्रातल्या विलायती लायलॅकचीही हौस नको. तो मोगऱ्याच्याच कुळातला, पण त्याला कडाक्याची थंडी लागते.)

"झाड हिरवेगार आहे, पण फूल नाही," ही तक्रार महिला मंडळात नेहमीची. याचे कारण लाड! जानेवारीत मोगऱ्याला उपाशी ठेवावे लागते. दहा-पंधरा दिवस पाणी अगदी कमी करावे. पाने मलूल झाली तरी घाबरू नये. मग फांद्या निम्म्यावर छाटाव्यात, उरलेली पाने काढावीत, खत घालून भरपूर पाणी द्यावे. कळी नव्या फुटीवरच येते, म्हणून ही छाटणी. बहर ओसरला की शेंडे पुन्हा खुडावेत. भाजी धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको.

कळ्या संध्याकाळी तोडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात. रात्रीच्या वंदनेला उमलतात.

आपल्या आजी-आजोबांच्या हातचे फूल गावच्या देवळात चालत नव्हते. काळाराम मंदिराच्या दारात 1930 साली सत्याग्रह करावा लागला. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपण बुद्धापुढे फूल ठेवतो, ते नवसाचे नसते. रात्रीचे पांढरेशुभ्र फूल सकाळी तपकिरी झालेले मुलांना दाखवा. पुष्पपूजेच्या गाथेचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागणार नाही.

काड्या लावायचे दिवस पावसाळ्याचे, म्हणजे वर्षावासाचेच. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्यावी. खालची पाने काढून दोन डोळे मातीत जातील अशी खोचावी. विहारात ग्रंथवाचनाला येताना घरच्या झाडाच्या दोन काड्या आणा. दोनातली एखादी तरी जगते, आणि कुंपणालगतची जागा रिकामीच आहे.