वकिलातीतले बिनपगारी काम (लेखांक ४)

आंतरराष्ट्रीय राजकारणात स्त्रिया एवढ्या कमी का, असे विचारले की बहुधा उत्तर मिळते: त्या या क्षेत्राकडे उशिरा वळल्या, हळूहळू वाढतील. कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. या सेवेतील त्या पहिल्या महिला अधिकारी. लग्न केल्यास राजीनामा देईन, असे त्यांच्याकडून लिहून घेतले होते. १९६१ च्या सेवानियमांत ही वृत्ती कलमबद्ध झाली. महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असे सरकारला वाटले, तर तिला केव्हाही राजीनामा द्यायला सांगता येई. आणखी एका नियमाने विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्कच नाकारला होता. लिंगभेदाला मनाई करणारी राज्यघटना लागू होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ब्रिटनने १९४६ मध्ये स्त्रियांना राजनैतिक सेवा खुली केली, पण लग्न झाले की नोकरी सोडण्याची सक्ती १९७३ पर्यंत ठेवली. म्हणजे परीक्षा देऊन आत आलेल्या स्त्रियांनाही बाहेर काढण्याची सोय नियमांतच होती.

पण आडकाठी नेमकी लग्नाचीच का? सिंथिया एन्लो यांनी १९८९ च्या ‘बनानाज, बीचेस अँड बेसेस’ या पुस्तकात याचा जो उलगडा केला, तो मला सर्वांत पटणारा वाटतो. राजनैतिक व्यवहार केवळ वाटाघाटींच्या टेबलावर चालत नाही. राजदूताच्या घरची मेजवानी, कोणाला कोणाशेजारी बसवायचे याचा विचार, इतर वकिलातींतील कुटुंबांशी जपलेली ओळख, दर काही वर्षांनी नव्या देशात पुन्हा मांडलेला संसार, या सगळ्यावर देशादेशांमधला विश्वास उभा राहतो, आणि हे काम अधिकाऱ्याची पत्नी बिनपगारी करत आली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात १९७२ पर्यंत अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याच्या पत्नीच्या कामगिरीवरही शेरा असे! सरकारला हे श्रम दिसत होते, त्यांचे मोलही कळत होते. फक्त पगार आणि पद द्यायचे नव्हते. मग विवाहित महिला अधिकारी ही या व्यवस्थेला अडचणच होती, कारण तिच्या पतीने हे सारे फुकट करावे अशी अपेक्षा कोणीच ठेवली नसती.

यावर एक आक्षेप हमखास येतो. इंदिरा गांधींनी १९७१ चे युद्ध लढले, मार्गारेट थॅचर यांनी १९८२ मध्ये फॉकलंडला नौदल पाठवले. मग स्त्रिया आल्याने बदलले काय? बायका स्वभावतःच शांतताप्रिय असतात असा दावा असता, तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. पण एन्लोंचा दावा तो नाही. सत्ता कोणाच्या श्रमांवर उभी आहे आणि अभ्यासक त्यातले काय मोजतात, हा त्यांचा प्रश्न आहे. राष्ट्रहिताला लिंग नसते, असेही म्हटले जाते. अॅन टिकनर यांनी १९८८ मध्ये हान्स मॉर्गेन्थाऊ यांच्या वास्तववादी सिद्धान्ताची चिकित्सा करताना दाखवले, की सत्ता म्हणजे दुसऱ्यावर हुकमत हे गृहीतकच पुरुषाच्या अनुभवातून आलेले आहे. युद्धात अन्नधान्य, पाणी, आजारी माणसांची देखभाल हे प्रश्न ‘सुरक्षे’च्या हिशेबात न येण्याचे मूळही तिथेच आहे.

नियम आता गेले ना, हा तिसरा मुद्दा. पदोन्नती डावलल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली आणि लग्नाच्या परवानगीचा नियमही रद्द केला. त्यामुळे १९७९ मध्ये याचिका निकाली निघाली, परंतु न्या. कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील भेदभावावर कठोर ताशेरे ओढले. घरच्या जबाबदाऱ्या स्त्रीच्या आड येत असतील तर पुरुषाच्याही येऊ शकतात, हा त्यांचा युक्तिवाद साधा आणि निरुत्तर करणारा होता. त्यानंतरही पहिली महिला परराष्ट्र सचिव, चोकिला अय्यर, यायला २००१ उजाडले. पुढे निरुपमा राव आणि सुजाता सिंग आल्या. नियम पुसला तरी घर सांभाळणारे दुसरे माणूस गृहीत धरून आखलेली बदल्यांची पद्धत तशीच राहते, आणि तिचा भार आजही मुख्यतः स्त्रीवरच पडतो. शांतता-वाटाघाटींत हेच कसे घडते, आणि २००० च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक १३२५ ने त्यात काय बदलले, ते पुढील आठवड्यात पाहू.