वृद्ध व अपंग खातेदारांकरितां टॅब्लेट

पूर्वीं निरक्षर खातेदाराचा जबाब घेतला म्हणजे तो त्यास मोठ्यानें वाचून दाखवीत, ‘बरोबर आहे’ असें त्याच्या तोंडून वदवून घेत आणि मगच त्याचा अंगठा उठवीत. ज्यास अक्षर दिसत नाहीं किंवा येत नाहीं, त्याचीही संमति त्यानें ऐकून समजून मगच द्यावी, हें त्या रीतीचें मर्म होतें. हल्लीं दप्तर कागदावरून पडद्यावर गेलें आहे. सातबारा, पिकाची नोंद, पीएम-किसानचा हप्ता, बँकेचें खातें, सर्व कांहीं तेथेंच. परंतु ज्यांच्या नांवें जमीन आहे, ते पुष्कळसे वडीलधारे साठी-सत्तरी उलटलेले आहेत. कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कोणाचा हात कांपतो, कोणास ऐकूं कमी येतें. मुलगा, नातू किंवा सेवा केंद्राचा चालक सर्व काम करितो आणि हे फक्त अंगठा लावितात. कशास अंगठा दिला हें त्यांस ठाऊक नसतें. ज्याची जमीन व पैसा, त्याच्याच हातून त्यांचा ताबा नकळत सुटावा, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाहीं. यास टॅब्लेटचा बराच उपयोग होण्यासारखा आहे, म्हणून त्याची माहिती येथें देत आहों.

टॅब्लेट म्हणजे शाळेंतील पाटीसारखें सपाट कांचेचें यंत्र. मोबाइलचा पडदा सुमारें ६ ते ७ इंच, तर याचा ८ ते ११ इंच असतो. संगणकावर काम करितांना एका हातानें माऊस फिरवावा आणि नजर मात्र पडद्यावर ठेवावी, हें उतारवयांत शिकणें कठीण पडतें. येथें जें दिसतें त्यासच बोट लावावयाचें. १० इंची यंत्राचें वजन सुमारें अर्धा किलो भरतें. यास्तव तें हातीं न धरतां स्टँडवर टेकून ठेवावें, म्हणजे दुखऱ्या सांध्यांस श्रम पडत नाहींत. अॅपलनें २०१० सालीं आयपॅड विकावयास आणला, तेव्हांपासूनच त्यांत पडदा वाचून दाखविणारी ‘व्हॉइसओव्हर’ ही सोय होती. अँड्रॉइड यंत्रांत अशीच सोय ‘टॉकबॅक’ या नांवानें मिळते. त्याकरितां निराळे पैसे पडत नाहींत.

यंत्राच्या सेटिंग्जमध्यें ‘अॅक्सेसिबिलिटी’ असा विभाग असतो. घरांतील जाणत्यानें तेथें पुढील व्यवस्था एकदां करून द्यावी.

(१) अक्षरें व चिन्हें मोठीं करावीं. दृष्टि अधू असल्यास ‘मॅग्निफिकेशन’ सुरू करावें. मग भिंगाखालीं धरल्याप्रमाणें पडद्याचा हवा तो भाग मोठा दिसतो.

(२) हात कांपत असल्यास बोट किती वेळ टेकल्यावर तें दाबून धरलें असें समजावें, ती मुदत वाढवावी. म्हणजे बोट जरा रेंगाळलें तरी यंत्र भलतेंच कांहीं उघडीत नाहीं.

(३) दृष्टि मुळींच नसल्यास टॉकबॅक सुरू करून मराठी आवाज निवडावा. बोट ज्यावर ठेवावें त्याचें नांव यंत्र उच्चारतें. तेंच हवें असल्यास लागोपाठ दोनदां टिचकी मारावी. आधीं ऐकावें, मग दाबावें. जबाब वाचून दाखविण्याची जुनी रीतच येथें यंत्र पाळतें.

(४) अक्षरें जुळवणें जमत नसल्यास कळफलकावरील माइकच्या चिन्हास बोट लावून मराठींत बोलावें. गूगलनें ही सोय मराठीस २०१७ सालीं दिली.

(५) ऐकूं कमी येत असल्यास ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ हें अॅप घ्यावें. समोरच्याचें बोलणें पडद्यावर अक्षरांत उमटतें.

आतां याचा उपयोग पाहूं. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा पाहतां येतो आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांस मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू होऊन पेऱ्याची नोंद शेतकऱ्यानेंच करण्याची रीत पडली आहे. त्यासाठीं शेतांत जाऊन पिकाचें छायाचित्र घ्यावें लागतें. ज्याचे पाय चालत नाहींत त्याच्या वतीनें मुलानें जावें; परंतु नोंद सातबाऱ्यावर बरोबर चढली कीं नाहीं, हें म्हाताऱ्यानें ओसरीवर बसून स्वतः पाहावें. मातींत राबून बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठ्याचें यंत्र ओळख पटवीत नाहीं, हा अनुभव अनेकांस आहे. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याकरितां ‘जीवन प्रमाण’ २०१४ सालीं निघालें. त्यांत २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवितां येते. पीएम-किसानमध्येंही ही सोय २०२३ सालीं झाली.

विकत घेतांना सिमकार्ड घालण्याची सोय असलेला टॅब्लेट घ्यावा. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या कित्येक यंत्रांत शेताचें स्थान दाखविणारी सोय नसते. कांचेवर संरक्षक पापुद्रा व बाहेरून जाड आवरण अवश्य घालावें.

या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. संकेतस्थळ नीट बांधलेलें नसल्यास टॉकबॅक नुसतें ‘बटन’ एवढेंच म्हणतें. वेड्यावांकड्या अक्षरांचें चित्र दाखवून तीं ओळखावयास सांगितलें, तर अंध मनुष्य तेथेंच अडतो. सर्वोच्च न्यायालयानें ३० एप्रिल २०२५ च्या निकालांत डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला, आणि ओळख पडताळणीची पद्धति अंधांसही जमेल अशी करण्याचे आदेश दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचाही आधार आहे. तेव्हां अडचण आल्यास दैवास दोष न देतां संबंधित कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी.

लबाडांपासून सावध राहिलें पाहिजे. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगूं नये. अनोळखी मनुष्याच्या सांगण्यावरून कोणतेंही अॅप घालूं नये. कांहीं अॅपांमुळें तो दुरून आपला पडदा पाहूं शकतो. फसवणूक झाल्यास विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

शेवटीं घरांतील तरुणांस दोन शब्द. ‘आण इकडे, मी करून देतों’ असें म्हणून वडिलांच्या हातून यंत्र ओढून घेऊं नका. शेजारीं बसा, बोट त्यांचेंच लावूं द्या, चुकल्यास पुन्हां करूं द्या. एका दिवशीं एकच गोष्ट शिकवावी आणि तीच चार दिवस घोटून घ्यावी. आरंभ सातबाऱ्यापासून करावा. स्वतःच्या जमिनीचा गट नंबर व क्षेत्र त्यांस तोंडपाठ असतें, त्यामुळें पडद्यावरील मजकुराशीं त्यांची ओळख लवकर पटते. पुढील हंगामाची पीक नोंद होण्यापूर्वीं प्रत्येक घरीं एवढें तरी व्हावें, अशी आमची विनंती आहे.