त्वचेखालचा निळा उजेड

मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर दिवसभर वरखाली होत असल्यामुळे बोटाला सुई टोचून तीन-चार वेळा घेतलेल्या नोंदींतून तिची खरी चाल कळत नाही, आणि रात्री झोपेत ती धोक्याच्या पातळीखाली उतरली तर उशाशी ठेवलेला ग्लुकोमीटर काहीच सांगू शकत नाही. ही उणीव भरून काढणारी, साखर सतत मोजणारी उपकरणे अमेरिकेत १९९९ पासून वापरात आली. १९६२ मध्ये संशोधक लेलँड क्लार्क यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार त्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोजवर क्रिया करते आणि त्यातून निर्माण होणारा विद्युत्प्रवाह मोजला जातो. मात्र त्यांची बारीक तार त्वचेतून आत गेलेली असते व एक-दोन आठवड्यांत ती बदलावी लागते.

मेरीलँड राज्यातील जर्मनटाउन येथील सेन्सिऑनिक्स या कंपनीने वेगळा मार्ग धरला. तिच्या एव्हरसेन्स या संवेदकाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. औषधाच्या छोट्या कॅप्सूलएवढी ही नळी डॉक्टर दंडाच्या त्वचेखाली बसवतात. तिच्यावरील हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाच्या थरात बोरॉनिक आम्लाचे गट जोडलेला रंगद्रव्याचा रेणू असतो. अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश परत टाकण्याच्या या रेणूच्या गुणाला अनुस्फुरण म्हणतात. ग्लुकोज नसताना त्याच्यातीलच नायट्रोजन अणूचे इलेक्ट्रॉन ही चमक विझवतात, तर पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज बोरॉनिक आम्लाशी बांधले गेले की ते विझवणे थांबते आणि साखर जितकी अधिक तितका उजेड वाढतो. हे बंधन सुटणारे असून त्यात ग्लुकोज खर्च होत नाही. नळीत बॅटरी नसते. तिला ऊर्जा पुरवणारा आणि दर पाच मिनिटांनी मोबाइलवर आकडा धाडणारा प्रेषक दंडावर बाहेरून चिकटवलेला असतो, व तो काढून ठेवला की मोजणी थांबते.

तरीही या क्षेत्रातील खरी अडचण प्रकाशाची नसून शरीराची आहे, असे म्हणावे लागेल. आत शिरलेली परकी वस्तू दिसताच प्रतिकारपेशी तिच्यावर धावून जातात, हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून बोरॉनिक आम्ल नासवतात आणि शेवटी तंतुमय ऊतींचे वेष्टण चढवून ग्लुकोजची वाटच अडवतात. म्हणून नळीभोवती डेक्सामेथासोन हे दाहशामक स्टिरॉइड सावकाश सोडणारे सिलिकोनचे कडे बसवलेले असते, आणि पुढील आवृत्तीत तर पेरॉक्साइडचा मारा स्वतःवर घेऊन खऱ्या रंगद्रव्याला वाचवणारे जादा बोरॉनिक आम्लही घालण्यात आले. पहिल्या संवेदकाचे आयुष्य ९० दिवसांचे होते. २०२२ मध्ये ते १८० दिवसांवर आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झालेल्या आवृत्तीत ३६५ दिवसांवर गेले, ते मुख्यतः या बचावामुळे.

दुसरा एक प्रवाह एन्झाइम आणि अनुस्फुरण यांची सांगड घालतो. मायकेल मॅकशेन यांनी आधी लुइझियाना टेक विद्यापीठात आणि नंतर टेक्सास ए अँड एम विद्यापीठात हे काम केले. त्यांच्याबरोबर लुइझियानात काम केलेले रोहित श्रीवास्तव पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. या पद्धतीत अल्जिनेटच्या सूक्ष्म गोळ्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज आणि ऑक्सिजनमुळे मंदावणारे रंगद्रव्य एकत्र कोंडले जाते, त्यामुळे ग्लुकोजवर क्रिया करताना एन्झाइमने ऑक्सिजन वापरला की रंगद्रव्य उजळते. अर्थात ऊतींतील ऑक्सिजन मुळातच कमीजास्त झाला तर मोजमापही ढळण्याचा धोका यात राहतो. बोरॉनिक आम्लाला ऑक्सिजन लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ. पण तारेचा चिकटपट्टीसारखा संवेदक रुग्ण घरीच बदलतो, तर एव्हरसेन्सची नळी बसवायला आणि मुदत संपल्यावर काढायला दर वेळी स्थानिक भूल देऊन लहानसा छेद घ्यावा लागतो.