पडद्याआडचं एक मिनिट

जिंतूर तालुक्यातल्या गावात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी ठेवायची, तर आम्ही नर्सबाया आधी सासूबाईंना गाठतो. ही युक्ती आशाताईंची. "मला काही त्रास नाही" म्हणणारी सून, सासू पडद्याआडून हसत बाहेर आली की स्वतःहून रांगेत येते. कापूस वेचणीत मात्र कुणी फिरकत नाही. तारीख शेताकडे बघूनच धरावी लागते.

आत गेल्यावर बहुतेक बाया डोळ्यांवर पदर घेतात. आत बघायचं उपकरण, स्पेक्युलम, आम्ही कोमट पाण्यातून काढतो. गार लागलं की अंग आवळतं. मग पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. एकदा ऐन त्या मिनिटाला लाईट गेली. आशाताईंनी बॅटरी धरली. तपासणीला आलेल्या मावशी म्हणाल्या, "निवांत बघा माय, आता आलेच हाय तर."

पांढरं जातं म्हणून कॅन्सरची धास्ती घालून चांगली पिशवी काढायला लावलेल्या ऊसतोड बायाही भेटतात, तेव्हा जीव तुटतो. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. तपासल्याशिवाय पिशवी काढू देऊ नका.

पण आम्हाला सगळ्यात जड जातं ते एकच वाक्य: "मागं एकदा केली की!" हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचं काम संथ असतं, कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणूनच तो आधी पकडता येतो, आणि म्हणूनच एकदा बघून भागत नाही. आपल्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर बायांचा अभ्यास झाला. एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. ॲसिटिक ॲसिडची तपासणी एकदाच केलेल्या गटात मात्र ठळक घट दिसली नाही. तीच तपासणी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या प्रशिक्षित बायांनी दर दोन वर्षांनी केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी होते. मागची कोणत्या साली झाली ते आठवत नसेल, तर पाळीचे दिवस टाळून उपकेंद्रात या. येताना सासूबाईंनाही घेऊन या.