हाताला झेपेल तोच ब्रेक : साठीनंतरची सायकल निवडताना

सकाळचा चहा घेता घेता घरातले आजोबा सहज बोलून जातात, ‘‘पुन्हा एकदा सायकल घ्यावी म्हणतो.’’ क्षणभर सगळे गप्प होतात. मुलाच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरचे खड्डे उभे राहतात, सुनेला प्लास्टरमधला पाय दिसतो आणि आजोबांना मात्र कालव्याच्या कडेचा, झाडांच्या सावलीतला कच्चा रस्ता आठवत असतो. खरे सांगायचे तर या तिघांपैकी कोणाचेही चुकलेले नसते. पडण्याची भीती खरी आहे आणि खुर्चीत बसून राहण्याने होणारे नुकसानही तितकेच खरे आहे. या दोहोंमधला मार्ग शोधताना योग्य सायकल कोणती आणि तिचे ब्रेक कोणते, हा प्रश्न वाटतो त्याहून अधिक महत्त्वाचा ठरतो.

सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार सीटवर पडतो. त्यामुळे चालताना दुखणारे गुडघेही पायडल मारताना पुष्कळदा कुरकुरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस सायकल चालवली तर तेवढा हिशेब पुरा होतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सायकलवर हाडांना शरीराचे वजन पेलावे लागत नाही, म्हणून हाडांच्या बळकटीसाठी सायकल पुरेशी नाही. चालणे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम सोडू नयेत.

कच्च्या रस्त्याची सायकल

अलीकडे दुकानांत ‘ग्रॅव्हल बाइक’ हे नाव ऐकू येते. ग्रॅव्हल म्हणजे खडी. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्लिंट हिल्स नावाच्या गवताळ टेकड्या आहेत. तेथील खडीच्या रस्त्यांवर २००६ मध्ये २०० मैलांची शर्यत सुरू झाली आणि अशा रस्त्यांसाठी वेगळ्या सायकली घडवण्याच्या प्रवाहाला पुढे मोठा जोर आला. शर्यतीशी आपल्याला कर्तव्य नाही; पण त्या सायकलीचे गुण आपल्या कामाचे आहेत.

शर्यतीच्या सायकलीचे टायर २५ ते ३० मिलिमीटर रुंद असतात, तर ग्रॅव्हल बाइकचे साधारण ३५ ते ५० मिलिमीटर. रुंद टायरमध्ये हवेचा दाब कमी ठेवता येतो. त्यामुळे धक्का मनगटापर्यंत आणि मणक्यापर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा टायर गिळतो. दोन चाकांमधले अंतर थोडे अधिक असल्याने सायकल सरळ रेषेत स्थिर चालते. खाली उतरलेले डांबर, कडेची वाळू, उखडलेला रस्ता, गावाकडची मुरमाची वाट, हे सगळे ती निभावून नेते. आपले रस्ते पाहता खरे तर ही सायकल आपल्यासाठीच केली असावी, असे वाटते.

एक अडचण मात्र आहे. बहुतेक ग्रॅव्हल बाइकचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे, खाली वळलेले असते. मान आखडणाऱ्या, कंबर वाकत नसलेल्या व्यक्तीला ते सोसेलच असे नाही. अशा वाचकांनी सरळ हँडलची, पण टायर तेवढेच रुंद असलेली सायकल मागावी. दुकानदार तिला बहुधा ‘हायब्रिड’ म्हणतील. नावावर जाऊ नये, टायरची रुंदी पाहावी.

ब्रेक : तीन प्रकार

आता मुख्य विषयाकडे वळू. जुन्या सायकलींत ब्रेकचे रबर चाकाच्या रिमवर दाबले जात असे. पावसात रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागे, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्याशी पोलादी चकती बसवलेली असते आणि दोन पॅड तिला चिमटीत धरतात. चकती चिखलापाण्यापासून दूर असल्याने पावसाळ्यातही ब्रेक भरवशाचा राहतो. या डिस्क ब्रेकचे तीन प्रकार आहेत.

पहिला मेकॅनिकल. येथे लिव्हर दाबली की पोलादी वायर ओढली जाते आणि पॅड चकतीवर येतात. रचना सोपी, किंमत कमी आणि वायर तुटली तर तालुक्याच्या ठिकाणचा साधा सायकल मिस्त्रीही ती बदलून देतो. उणीव अशी की वायर आणि तिच्यावरील आवरण यांच्या घर्षणात हाताचा बराच जोर वाया जातो. वायर गंजली, विशेषतः कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत, तर लिव्हर अधिकच जड होते. पॅड झिजत जातात तसा ब्रेक सैल होतो आणि तो वेळोवेळी आवळून घ्यावा लागतो.

दुसरा हायड्रॉलिक. यात वायरऐवजी बंद नळीत तेल असते. लिव्हरचा दाब तेलामार्फत पॅडपर्यंत पोहोचतो. एका बोटाच्या हलक्या दाबानेही ब्रेक लागतो आणि किती लागावा यावर बारीक ताबा राहतो. पॅड झिजले तरी ब्रेक बहुतांशी आपोआप जुळवून घेतो. मात्र नळीत हवा शिरली तर ती काढण्यासाठी जाणकार मिस्त्री आणि योग्य तेल लागते. काही कंपन्यांच्या ब्रेकना खनिज तेल लागते, तर काहींना मोटारीच्या ब्रेकसारखे डॉट तेल. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सीले खराब होतात.

तिसरा मधला मार्ग, ज्याला दुकानांत ‘सेमी-हायड्रॉलिक’ म्हणतात. लिव्हरपासून चाकापर्यंत वायर आणि चाकाजवळच्या यंत्रात तेल. जोर पूर्ण हायड्रॉलिकपेक्षा अधिक लागतो, पण पॅडची झीज तो आपोआप भरून काढतो.

हाताचा प्रश्न

तरुण सायकलस्वार यांतून किंमत आणि वजन पाहून निवड करील. आपण आधी हात पाहावा. वयोमानानुसार पकड क्षीण होते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, बोटे सकाळी आखडत असतील, मनगटातील शीर दबून हाताला मुंग्या येत असतील, तर लिव्हर दाबण्याचा जोर हीच सुरक्षिततेची कसोटी होते. पहिल्या पाच मिनिटांत ब्रेक चांगला वाटतो. खरा प्रश्न उतारावरच्या विसाव्या वेळेचा असतो. दमलेली बोटे तेव्हा पुरेशी आवळली गेली नाहीत, तर उत्तम टायरही उपयोगी पडत नाहीत.

म्हणून सरळ सांगतो. हात दुखत असतील किंवा घरापासून बाहेर पडताच चढउतार असतील, तर हायड्रॉलिक घ्यावा. हात धडधाकट असतील, रस्ता सपाट असेल आणि जवळपास हायड्रॉलिक दुरुस्त करणारा मिस्त्री नसेल, तर चांगल्या प्रतीचा मेकॅनिकल पुरेसा आहे.

खिशाचा हिशेब

येथे एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. खाली वळलेल्या हँडलवर ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात. तिच्यात तेलाचा दट्ट्या बसवणे खर्चिक असते. शिमानो कंपनीच्या ‘क्लॅरिस’ आणि ‘सोरा’ या स्वस्त श्रेणींत अशा हायड्रॉलिक लिव्हर नाहीत. त्यासाठी ‘टियाग्रा’ किंवा २०१९ मध्ये खास खडीच्या रस्त्यांसाठी आलेल्या ‘जीआरएक्स’सारख्या श्रेणीकडे वळावे लागते. साहजिकच स्वस्त ग्रॅव्हल बाइकवर मेकॅनिकल ब्रेकच आढळतात. उलट सरळ हँडलच्या हायड्रॉलिक लिव्हर साध्या असतात आणि बऱ्याच कमी किमतीत मिळतात. म्हणजे ज्येष्ठांच्या मानेला आणि कंबरेला जे हँडल मानवते, त्यावरच हातांना सुखाचा ब्रेकही स्वस्तात मिळतो. हा योग साधावा.

केवळ ‘डिस्क’ या शब्दावर भुलू नये, हेही तितकेच खरे. अत्यंत स्वस्त सायकलींना दिखाऊ चकत्या आणि जड स्प्रिंगचे फोर्क लावलेले असतात. नीट जुळवलेला साधा रिम ब्रेक अशा निकृष्ट डिस्कपेक्षा बरा. आणि सगळे पैसे सायकलीतच घालू नयेत. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, घंटी आणि वर्षाची देखभाल यांसाठी काही रक्कम आधीच बाजूला काढावी.

दुकानात गेल्यावर

सायकलीवर बसताना पाय सहज पलीकडे जातो का, ते पाहा. खुबा आखडत असेल तर मधला दांडा उतरता किंवा अगदी खाली असलेली सायकल मागा. उतरून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहिल्यावर मध्ये दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. मग लिव्हर लागोपाठ वीस वेळा दाबा. अंगठा दुखू लागला तर तो ब्रेक आपला नव्हे. लिव्हर बोटांपासून दूर वाटत असेल तर ती जवळ आणण्याचा स्क्रू बहुतेक लिव्हरना असतो; दुकानदाराकडून तिथेच फिरवून घ्या. कोणती लिव्हर पुढच्या चाकाची आणि कोणती मागच्या, हे विचारून पाठ करा. शेवटी, सर्वांत हलका गिअर चढावर दम लागू न देण्याइतका हलका आहे का, हेही पाहा.

पहिला महिना

हायड्रॉलिक ब्रेक जोरदार असतो. जुन्या सवयीने एकदम मूठ आवळली तर चाक जागीच अडकू शकते आणि खडीवर पुढचे चाक घसरले की सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मोकळ्या मैदानात सराव करावा. दोन्ही लिव्हर एकत्र, हळूहळू दाबाव्यात. वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करावा. वळणात ब्रेक टाळावा. नव्या पॅडची धार लागण्यासाठी पंधरा-वीस वेळा मध्यम वेगावरून हळूहळू वेग कमी करावा. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नये. दाबावा, सोडावा, म्हणजे चकती थंड होते. थांबल्यावर चकतीला हात लावू नये; ती चटका देण्याइतकी तापते. साखळीला तेल घालताना एक थेंबही चकतीवर उडू देऊ नये, कारण तेलकट पॅड धरत नाही.

घरच्यांसाठी

काळजी घेणाऱ्या वाचकांनी पुढील गोष्टी आपल्याकडे घ्याव्यात. दर रविवारी दोन्ही लिव्हर दाबून पाहा. लिव्हर हँडलला टेकत असेल किंवा स्पंजासारखी मऊ लागत असेल, तर दुरुस्त होईपर्यंत सायकल बाहेर काढू नये. चाक काढलेले असताना हायड्रॉलिक लिव्हर दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

औषधांचाही विचार हवा. सायकल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे; हृदयविकार, चक्कर, मधुमेह किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल तर नक्कीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि पडताना डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी लगेच रुग्णालयात न्यावे. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांच्या नाडीचे ठोके श्रमाच्या मानाने वाढत नाहीत, म्हणून घड्याळावरच्या आकड्यापेक्षा साधी कसोटी बरी : सायकल चालवता चालवता वाक्य पुरे बोलता आले पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. सगळ्यांच्याच खिशात नाव, घरचा फोन आणि औषधांची यादी असावी.

आजोबांना किंवा आजींना ‘नको’ म्हणणे सोपे असते. त्याऐवजी एक दिवस त्यांच्यासोबत दुकानात जा, त्यांना वीस वेळा लिव्हर दाबू द्या, आणि त्यांचा अंगठा काय सांगतो ते ऐका. कदाचित सायकल घेऊन याल, कदाचित अजून थोडे थांबायचे ठरवाल. पण निर्णय त्यांना वगळून झालेला नसेल. थांबता येते हा विश्वास हातात असला, की माणूस निर्धास्तपणे निघू शकतो.